विश्लेषण : तुमच्या ‘डीपी’तला वीजतोटा लोखंडातल्या बोरॉनवर कसा ठरतो?

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचमधल्या प्रवाशाला हवा स्वच्छ असेल तर ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. मागे किनाऱ्यावर वस्तीला वीज देणारी रोहित्रे उभी असतात, ज्यांना आपण सरसकट ‘डीपी’ म्हणतो. धातूची काच या विषयाचा या दोन्ही ठिकाणांशी संबंध आहे.

धातूची काच म्हणजे काय?

ती पारदर्शक नसते. काचेसारखी असते ती तिची अंतर्गत रचना. नेहमीच्या धातूत अणू ठरावीक रांगांत बसून स्फटिक होतात. वितळलेला धातू इतक्या झटपट थंड केला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही, तर ते होते तसेच गोठतात. पोल ड्युवेझ यांच्या गटाने 1960 मध्ये कॅलिफोर्नियात सोने आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूवर हे पहिल्यांदा करून दाखवले.

सोने आणि सिलिकॉनच का? सोने 1064 अंश सेल्सिअसला वितळते, सिलिकॉन 1414 अंशांना. पण 100 अणूंमागे साधारण 19 अणू सिलिकॉनचे असले, की मिश्रण 363 अंशांपर्यंत द्रवच राहते. एवढ्या खाली येईपर्यंत अणू सुस्तावलेले असतात, त्यामुळे स्फटिक होणे अवघड जाते. फेज डायग्राममधला हा खळगा इंजिनीअरिंगचे विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात. हा सगळा उद्योग मात्र त्या खळग्यावर उभा आहे.

लोखंडात काय मिसळतात?

रोहित्राच्या गाभ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या, प्रसिद्ध मिश्रणात 100 पैकी 78 अणू लोखंडाचे, 13 बोरॉनचे आणि 9 सिलिकॉनचे असतात. शुद्ध लोखंड 1538 अंशांना वितळते. 17 टक्क्यांच्या आसपास बोरॉन घातला की हा आकडा 1200 च्या खाली येतो. बोरॉनचा अणू लहान असतो, तो लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत बसून त्यांची हालचाल अडवतो. सिलिकॉनमुळे तयार झालेली काच उष्णतेत अधिक टिकते. तरीही हा रस फिरत्या तांब्याच्या चाकावर ओतून सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने थंड करावा लागतो. म्हणूनच तो जाड पत्र्याच्या रूपात मिळत नाही. मिळते ती 25 मायक्रॉनच्या आसपास जाडीची फीत.

मग बोरॉन आणखी वाढवावा का? तसे केले तर चुंबकत्व घटते, कारण बोरॉन आणि सिलिकॉन चुंबकीय नाहीत. नेहमीचे सीआरजीओ पोलाद दोन टेस्लापर्यंत चुंबकीय भार पेलते, ही फीत 1.56 टेस्लापर्यंतच. गाभा त्यामुळे मोठा होतो. दुसरीकडे, लोखंड वाढवले तर काच लवकर मोडते.

मोडते म्हणजे साधारण 500 अंशांच्या आसपास अणू रांगेत बसू लागतात. आधी लोखंडाचे स्फटिक, मग बोरॉनयुक्त संयुगे. तेव्हा फीत ठिसूळ होते आणि कमी वीजतोट्याचा गुण निघून जातो. चालू रोहित्रात एवढी उष्णता नसते, पण कारखान्यात गाभ्यातला ताण काढण्यासाठी तो तापवताना ही मर्यादा पाळावीच लागते.

स्फटिक नेहमी वाईटच असे मात्र नाही. जपानच्या हिताची मेटल्सच्या संशोधकांनी 1988 मध्ये याच मिश्रणात एक टक्का तांबे आणि तीन टक्के नायोबियम घातले. तांब्यामुळे असंख्य ठिकाणी स्फटिकांची सुरुवात होते, नायोबियम त्यांना वाढू देत नाही. स्फटिक 10 ते 15 नॅनोमीटरवर थांबतात आणि चुंबकीय गुण उलट सुधारतात.

ट्रॉम्बेत श्रीकुमार बॅनर्जी, जी. के. डे आणि सहकाऱ्यांनी झिर्कोनियमच्या निकेल व लोखंडासोबतच्या काचांचे स्फटिकीकरण तपासले. काचेची घटकरचना एखाद्या संयुगाशी तंतोतंत जुळत असेल तर ती थेट त्या संयुगाचा स्फटिक होते. जुळत नसेल तर आधी एक स्फटिक वेगळा पडतो आणि उरलेल्या काचेची रचनाच बदलते.

आपल्या वीजबिलाशी संबंध कसा?

रोहित्राच्या गाभ्यात वीज वापरली जावो न जावो, 24 तास तोटा होत असतो. काचेच्या गाभ्यात हा विनाभार तोटा सीआरजीओपेक्षा 60 ते 70 टक्क्यांनी कमी असतो. एका रोहित्रामागे 100 वॉट वाचले तरी वर्षाला 876 युनिट होतात. पण आयएस 1180 या भारतीय मानकात एकूण तोटा 50 आणि 100 टक्के भारावर मोजतात. रात्रभर जवळजवळ रिकामी चालणारी गावाकडची रोहित्रे या मोजमापात नीट बसत नाहीत. निविदेत विनाभार तोट्याला वेगळी किंमत लावली पाहिजे. नुसती खरेदीची किंमत पाहून स्वस्त घेतलेले रोहित्र पुढची वीस-पंचवीस वर्षे महाग पडते.

अडचणी खऱ्या आहेत. फीत बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच, आणि भारत मुख्यतः आयातीवर अवलंबून आहे. अमेरिकेनेही 2022 च्या अखेरीस जवळपास सगळी नवी वितरण रोहित्रे या गाभ्याकडे वळवणारा मसुदा मांडला होता. एप्रिल 2024 च्या अंतिम नियमात सुमारे 75 टक्के बाजार सीआरजीओवरच राहू दिला. शिवाय दुरुस्तीचा प्रश्न आहे. जळालेल्या रोहित्राचा सीआरजीओ गाभा तालुक्याच्या कारागिराला उघडून पुन्हा रचता येतो. तापवून ठिसूळ झालेली ही फीत तशी हाताळली तर तिचे तुकडे पडतात, आणि ते तेलात गेले तर नवे बिघाड होतात. त्यामुळे खरेदीच्या करारातच या कारागिरांच्या प्रशिक्षणाची तरतूद हवी.