कनिष्कनंतरचा नियम आणि लॉकरबी

विमानसुरक्षेचा प्रत्येक नियम रक्ताने लिहिलेला असतो, असे म्हटले जाते. दुर्घटना घडते, कायद्यातली उणीव उघडी पडते, नवा नियम येतो आणि पुढचा प्रवासी सुरक्षित होतो, असा त्यामागचा समज. नियम दुर्घटनेनंतर येतात, हे खरेच आहे. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर आपल्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. ११ सप्टेंबर २००१ नंतर दहा आठवड्यांच्या आत अमेरिकेने कायदा करून प्रवाशांच्या तपासणीची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर टाकली. पण नियम झाला म्हणजे प्रवासी सुरक्षित झाला, हा निष्कर्ष पुराव्यापुढे टिकत नाही.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशातच फुटले आणि ३२९ माणसे गेली. ज्याच्या बॅगेत बॉम्ब होता तो प्रवासी व्हँकुव्हरहून विमानात चढलाच नव्हता. टोरांटोपुढची त्याची जागाही पक्की नव्हती, तरी बॅग पुढे गेली. टोरांटोत एक्स-रे यंत्र बंद पडले, तरीही सामान चढवले गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासी आणि त्याचे सामान यांची जुळणी आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आवश्यक ठरवली. तरीही २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान फुटले, २७० जण मेले, आणि तपासाने पुन्हा प्रवाशाविना आलेल्या बॅगेकडेच बोट दाखवले. फ्रँकफर्टमध्ये कंपनी अशा बॅगांचे केवळ एक्स-रेवर भागवत होती. धोका ठाऊक होता, उपायही ठाऊक होता. तो रोज पाळला जातो की नाही, हे पाहणारे कोणी नव्हते.

आपत्तीखेरीज सरकारे हलतच नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. पण द्रवपदार्थांवरचे निर्बंध ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमधला कट उधळल्यावर आले. त्यासाठी एकही विमान पडावे लागले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अपुरा का होईना, नियम असला तर जाब विचारता येतो. हे मला पूर्ण मान्य आहे. १९९२ मध्ये अमेरिकी ज्युरीने पॅन ॲमला हेतुपुरस्सर गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरले, तेही नियम होता म्हणूनच. मात्र तो जाब मृत्यूंनंतर विचारला गेला. शिवाय घाईचा नियम स्वतःच नवा धोका निर्माण करू शकतो. २००१ नंतर कॉकपिटचे दार अभेद्य केले गेले. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दाराआड कॅप्टनला बाहेर ठेवून विमान आल्प्सवर आदळवले आणि १५० जणांचा जीव गेला.

म्हणून सुधारणेची कसोटी कायद्याच्या कलमांत नाही, देखरेखीत आहे. भारतात नागरी विमानसुरक्षा ब्युरोला २०२० च्या दुरुस्तीने वैधानिक मान्यता मिळाली, पण विमान वाहतूक वाढवण्याची जबाबदारी ज्या मंत्रालयावर आहे, त्याच्याच अखत्यारीत तो काम करतो. वाढ आणि अंकुश एकाच हाती असले की अंकुश सैल होण्याची भीती राहते. अचानक तपासण्या करणारी, मंत्रालयापासून आणि कंपन्यांपासून स्वतंत्र असलेली, संसदेला थेट अहवाल देणारी यंत्रणा हवी. आणि प्रत्येक नव्या नियमाचा ठरावीक मुदतीत फेरविचार कायद्यानेच बंधनकारक हवा. कनिष्कमधल्या ३२९ जणांचे ऋण नियम छापून फिटत नाही; तो रोज, प्रत्येक काउंटरवर पाळला जातो, याची खात्री देणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे.