कर्जाची फेड आणि विहिरीची फेड

'फेडणें' हें क्रियापद आपल्या भाषेंत फार राबतें. कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात, आणि प्रसंगीं वैऱ्याचें उट्टेंही फेडतात. इंग्रजींतील 'पेबॅक' या शब्दाची तीच गत आहे. कर्जफेडीपासून सूडापर्यंत सर्व अर्थ त्यांत मावतात. परंतु व्यापारी हिशेबांत त्यास आणखी एक अर्थ आहे. एखाद्या कामांत घातलेलें भांडवल त्याच कामाच्या उत्पन्नांतून किती वर्षांत सुटतें, तो काळ. शेतकऱ्याच्या उपयोगाचा अर्थ हाच, आणि दुर्लक्ष होतें तेंही याचेंच.

सोयगांवकडील कापूस पिकविणारा शेतकरी विहीर खणण्यास निघाला म्हणजे कर्ज कधीं फेडावयाचें हें विचारतो; विहीर स्वतःचा पैसा कधीं सोडवील हें विचारीत नाहीं. समजा, विहीर व पंप मिळून ४ लाख रुपये लागले, आणि कापसामागून रब्बीचें पीक निघून खर्च वजा जातां वर्षास १ लाख अधिक हातीं आले. भांडवल सुटण्यास ४ वर्षें हवींत. व्याज आणि एखादें अवर्षणाचें साल धरल्यास त्याहून अधिक. अशा कामास बियाणें-खतासाठीं घेतलेलें पीककर्ज लावलें, तर पाणी उत्तम लागूनही धनी थकबाकीदार ठरतो! दोष विहिरीचा नव्हे, मुदतीचा आहे.

हा भेद जुनाच आहे. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८८३ चा कायदा विहिरी-बांधांसारख्या जमीनसुधारणेच्या कर्जासाठीं झाला, व १८८४ चा बैल-बियाण्यांसारख्या गरजांसाठीं. सोयगांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. पण शेजारच्या खानदेशांत तगाई याच कायद्यांखालीं मिळे.

मात्र केवळ पैसा लवकर सुटतो म्हणून काम चांगलें, असेंही नव्हे. बांधबंदिस्तीचा पैसा सावकाश सुटतो, परंतु बांध टिकला तर पुढील पिढीचीही माती राखतो. सावडीच्या दिवसाची फेड दिवसानेंच होते, तेथें हा हिशेब मांडणें वेडेपणाचें. आहेराची गोष्ट निराळी. तो सवाईनें परत करण्याच्या हौसेपायीं पीककर्ज मोडणाऱ्यांस काय म्हणावें?

आमचें मत असें कीं, सोसायटीनें कर्ज मंजूर करतेवेळीं हप्त्याच्या तारखेशेजारीं भांडवल सुटण्याचा अंदाजी काळ अर्जदाराकडून लिहून घ्यावा. तो मुदतीहून मोठा निघाल्यास मुदत वाढवावी, अथवा काम लहान करावें.