भंडारदऱ्याला काजवे बघायला जाताय? मग तंबू कुठे लागणार, ते आधी विचारा

मे महिना अर्धा सरला की मीरा रोड-भाईंदरच्या मोबाईलवर एकच रील फिरायला लागतं. अंधारात लुकलुकणारं झाड, मागे भंडारदऱ्याचं पाणी, पुढे रंगीत तंबू. खाली पॅकेज: कसाऱ्याहून पिकअप, जेवण, शेकोटी, म्युझिक. पावसाळ्याची झुंबड अजून लांब असते, म्हणून ग्रुपवर ठरतं, "सीझनच्या आधी निवांत जाऊन येऊ." घोडबंदर रोडने माजिवडा, तिथून नाशिक हायवे, कसारा घाट चढून घोटीला वळलं की पुढे शेंडी.

माणसांचा सीझन नसतो, हे खरं. पण काजव्यांचा तोच असतो.

आपल्याला काजवा दिसतो तो त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या काही आठवड्यांत. त्याआधी कितीतरी महिने तो अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्यात राहतो आणि गोगलगायी खाऊन वाढतो. वळवाच्या आगेमागे पंख फुटलेले काजवे बाहेर पडतात आणि हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर जमतात. नर ठरावीक लयीत चमकतो, मादी त्याला चमकून उत्तर देते. अनेक जातींत ती उत्तर देते ती खाली, गवतात किंवा झुडपावर बसून. या सवाल-जवाबातूनच जोडी जमते.

आता त्याच झाडाखाली वीस मोबाईलचे टॉर्च आणि एका गाडीचे हेडलाइट लावून बघा. मादीला नर दिसत नाही, नराला उत्तर मिळत नाही. तंबूसाठी गवत तुडवलं की मादी आणि मातीतल्या अळ्याही पायाखाली येतात. गंमत म्हणजे फ्लॅश मारून काजव्याचा उजेड फोटोत येतच नाही. व्हायरल होणारे बहुतेक फोटो स्टँडवर कॅमेरा ठेवून, बराच वेळ शटर उघडं ठेवून काढलेले असतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपण ज्याला 'लेक' म्हणतो ते प्रवरेवरचं, 1926 मध्ये पूर्ण झालेलं, 11 टीएमसी क्षमतेचं धरण आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि सपाट काठ उघडा पडतो. तंबूला जागा छान वाटते, पण वरून सुकलेल्या थराखाली गाळ असू शकतो, आणि वळीव आला की वाऱ्याला आडोसाच नाही. पोहायला उतरणं तर नकोच. खाली नदीसुद्धा उन्हाळ्यात शांत असेल, असं धरून चालू नका. याच प्रवरेत, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ, 23 मे 2024 रोजी बुडालेल्या तरुणांना शोधताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले.

मग जाऊच नये का? तसं नाही. रतनवाडी, साम्रद, घाटघर हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. इथल्या आदिवासी कुटुंबांना भात लावणीच्या आधी हातात चार पैसे येतात ते याच दिवसांत, तंबू आणि जेवणाच्या पंगतींमधून. सरसकट बंदी घातली तर पहिला फटका त्यांना बसेल, शहरातून पॅकेज विकणाऱ्याला नाही. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात काजव्यांच्या रात्रींसाठी लॉटरी काढून मोजक्याच गाड्यांना परवाना देतात आणि टॉर्चवर लाल किंवा निळा कागद लावायला सांगतात. भंडारदऱ्यालाही अडचण माणसांची कमी, एकाच शनिवारी येणाऱ्या गाड्यांची आणि त्यांच्या दिव्यांची जास्त आहे. 'काजवा महोत्सव' हा शब्दच जरा खटकतो, कारण महोत्सव म्हटलं की लाइट आणि स्पीकर आलेच.

म्हणून बुकिंगआधी फोनवर विचारा: तंबू गावात, घराशेजारी लागणार की झाडाखाली, पाण्याच्या काठावर? अंधार पडल्यावर जनरेटर आणि गाणी बंद असतात का? झाडापर्यंत गाडी नेणार की चालत? "एकदम लेक-टच, डीजे फुल नाइट" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. जमलं तर मधल्या वारी आणि अमावास्येच्या आसपास जा. चंद्र नसला की काजवे जास्त उठून दिसतात.