पाणी आहे, पण टिकत नाही

डोळे कोरडे पडले की थेंब घालायचे, हा आपला सरळ हिशेब. पण तो अपुरा आहे. अश्रू म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींचे तेल, अश्रुग्रंथींचे पाणी आणि पृष्ठभागावरच्या पेशींचा चिकट स्राव यांचा तो पातळ पडदा, म्हणजे अश्रुपटल, असतो. तेल कमी पडले, की पाणी पुरेसे असूनही उडून जाते. म्हणूनच सतत डोळे पाणावणाऱ्यालाही कोरड्या डोळ्यांचा विकार असू शकतो: पृष्ठभाग चुरचुरतो आणि त्यावर उपाय म्हणून शरीर पाण्याचा लोंढा सोडते. २०१७च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केलेल्या या विकाराच्या व्याख्येतही भर अश्रुपटलाचे संतुलन बिघडण्यावरच आहे.

कोणी म्हणेल, तक्रार किरकोळ आहे, मोबाइल बाजूला ठेवला की झाले. मोबाइलच्या पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, हे खरेच. पण श्योग्रेनसारखा स्वयंप्रतिकारक विकार, रजोनिवृत्ती किंवा ॲलर्जीची काही औषधे ही कारणे मोबाइल ठेवल्याने जात नाहीत. मग पूरक गोळ्या? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीम’ चाचणीत रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना वर्षभरानंतर ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांहून अधिक लाभ दिसला नाही. कृत्रिम अश्रूंनी आराम पडतो, हे नाकारायचे नाही. मात्र थेंब टिकावेत म्हणून त्यांत घातलेली काही रसायने वारंवार वापरल्यास त्याच पृष्ठभागाला इजा करतात. लाली घालवायला मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर काचबिंदूला आमंत्रणच. तेव्हा प्रश्न ‘कोणते थेंब?’ हा नसून ‘कशाने बिघडले?’ हा आहे, आणि त्याचे उत्तर औषधाच्या दुकानात नव्हे, तपासणीत मिळते.