शेळ्या शंभर नकोत, पाच हव्यात

शेळीपालन करायचं तर शंभराचंच करा, पाच-दहा शेळ्यांत हाती काय लागणार, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021 पासूनच्या योजनेत भांडवलावर 50 टक्के अनुदान मिळतं, पण तिथला सर्वांत लहान गटच 100 शेळ्या आणि 5 बोकडांचा आहे. साहजिकच हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला. घरच्या घरी जोडधंदा करू पाहणाऱ्या कुटुंबासाठी हा सल्ला घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा कुटुंबानं चार-पाच गावरान शेळ्या घ्याव्यात आणि पुढचा कळप बाजारातून न आणता घरच्याच मादी करडांतून वाढवावा.

शंभराच्या बाजूचा हिशेब वरकरणी बिनतोड दिसतो. शेळी पाच महिने गाभण राहते, दोन वर्षांत तिची तीन वेतं होतात. प्रत्येक वेताला जुळी धरली की 100 शेळ्यांची 600 करडं झाली. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली आहे, हेही खरं. पण प्रत्येक शेळी वेळेवर माजावर येईल, एकही उलटणार नाही, एकही करडू दगावणार नाही, असं धरलं तरच ही बेरीज जमते. आणि यात वैरण कुठे आहे? बांधून पाळलेल्या मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर सुकी वैरण आणि थोडा खुराक लागतो. शंभर शेळ्या म्हणजे रोज तीन-चार क्विंटल हिरवा पाला, तोही माण-खटाव, बीड, धाराशिवच्या चैत्र-वैशाखात! चारा विकत आणायची वेळ आली की नफा तिथेच जिरतो. पाच शेळ्यांना पंधरा-वीस किलो पुरतो. बांधावरची शेवरी, सुबाभूळ आणि खळ्यावरचं तुरीचं भुसकट एवढ्यात त्यांचं भागतं. हा धंदा तगतो तो अशा घरच्या वैरणीवर आणि घरातल्या बाईच्या कष्टांवर. त्या कष्टांची मजुरी कुणी हिशेबात धरत नाही, म्हणून विक्रीचा पैसा तिच्याच खात्यावर जमा झाला पाहिजे.

दुसरी बाब आजाराची. एका दमात शंभर जनावरं जमवायची तर ती तीन-चार बाजारांतून उचलावी लागतात. पीपीआरसारखा आजार वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळीबरोबर आत शिरतो आणि दाटीत झपाट्यानं पसरतो. त्यावर लस आहे, एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. पण आजार अंगात घेऊनच आलेल्या शेळीला तिचा उपयोग नाही. म्हणून नवं जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं असतं. पाच शेळ्यांना त्यासाठी परसातला कोपरा पुरतो, शंभरांना दुसरी शेड लागते. मग जंत. शेळीची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच ओढून पाहावी: आतली कातडी लालसर-गुलाबी असेल तर ठीक, पांढुरकी पडली असेल तर बहुधा रक्त पिणारे जंत झालेले असतात. लेंड्या सुट्ट्या आहेत की चिकट झाल्या आहेत, कोणती शेळी रवंथ करायची थांबली आहे, हे रोज गोठा झाडणाऱ्या बाईला न सांगता कळतं. शंभरांत एखादी कान पाडून उभी असली तर ती पगारी गड्याच्या ध्यानात येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पाच शेळ्यांवर घर चालत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण जोडधंद्याकडून तेवढं मागायचंच कशाला? दोन वर्षांत 15 ऐवजी 12 वेतं धरा, वेताला सरासरी दीड करडू. 18 पैकी 3 दगावली आणि 3 चांगल्या माद्या राखल्या, तरी 12 विकायला उरतात. डोक्यावर हप्ता नसताना ही रक्कम पेरणीला, मुलांच्या फीला कामी येते. मात्र व्यापाऱ्याच्या नजरेच्या अंदाजावर करडू देऊ नये, काट्यावर वजन करूनच द्यावं. बीटल, सिरोही, बोअर या जातींचं वजन जास्त भरतं म्हणून त्याच आणा, असंही सांगितलं जातं. पंजाब, राजस्थान आणि दक्षिण आफ्रिकेच्या या जाती चांगल्याच आहेत, पण त्यांची किंमतही मोठी आणि खाणंही मोठं. नवख्याच्या हातून एक मेली तरी भांडवलाचा मोठा वाटा जातो. पहिली चूक गावरान शेळीवर झालेली परवडते.

उरला तो शेळी रान ओरबाडते हा आरोप. मोकाट शेळी कोवळा शेंडा ठेवत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. हिवरे बाजार गावानं चराईबंदी केली ती उगीच नव्हे. पण ती बंदी चरण्यावर आहे, शेळीवर नाही. पाच शेळ्या दावणीला बांधून पोसता येतात, शंभरांना वैरण कमी पडली की त्या दुसऱ्याच्या रानात शिरतात. म्हणून पहिला खर्च शेडवर नको. जूनमध्ये बांधाला शेवरी आणि वाफ्यात दशरथ घास लावावा, दिवाळीनंतर पाला हाताशी आला की मगच शेळ्या घ्याव्यात. त्याही शक्यतो आपल्याच गावातल्या, एक-दोन वेतं झालेल्या, ज्यांची आई दोन पिलांना पाजताना शेजारपाजाऱ्यांनी पाहिली आहे अशा.