चेंबर

आमची जीप गळते. महिंद्राची जुनी एमएम 540, आत पेजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन. पार्किंगमध्ये तिच्याखाली रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग असायचा. दोन वर्षांपूर्वी वैतागून गॅरेजमध्ये दिली. गळती चेंबरच्या पॅकिंगमधून होती. (इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठवणारी पत्र्याची परात असते ती. पुस्तकात सम्प, मेकॅनिकच्या तोंडी चेंबर.) "सिलिकॉन जरा जास्तच लावा, पण थेंब पडायला नको," असं मीच बजावलं होतं. थेंब बंद झाला. मी खूश!

परवा ताम्हिणीच्या चढावर ऑइलच्या दाबाचा दिवा लुकलुकला. ताबडतोब इंजिन बंद केलं. डिपस्टिक काढून पाहिली, तर ऑइल पुरेपूर. म्हणजे ऑइल होतं, पण पंपाला मिळत नव्हतं. गाडी ओढून घरी आणली आणि ठरवलं, चेंबर या वेळी आपणच उघडायचा.

एरवी इंजिन गरम करून ऑइल काढतात, पण ते चालू करायचा धीर होईना. नट सोडून रात्रभर निथळू दिलं. सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, पुढून चासी उचलून तिच्याखालीच स्टँड लावले. स्टँड अ‍ॅक्सलखाली लावले तर अ‍ॅक्सल वरच राहतो आणि चेंबरच्या वाटेत येतो. चासी उचलली की तो खाली लोंबतो, जागा होते. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, म्हणजे नाही!

सगळे बोल्ट निघाले, पण चेंबर जागचा हलेना. सिलिकॉनने घट्ट धरून ठेवलेला. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, पण त्याने चेंबरची कड वाकते आणि मग ती जन्मभर गळते. रंगाऱ्याची पातळ पट्टी घेऊन इंच इंच सोडवत गेलो. दीड तास लागला. भाचा बॅटरी धरून कंटाळला.

आत बोटभर गाळ होता. आणि पंपाच्या जाळीत अडकलेले सिलिकॉनचे तुकडे, शेवयांसारखे. निम्म्याहून जास्त जाळी बंद. बोल्ट आवळताना जादा सिलिकॉन बाहेर येतं तसंच आतही जातं. बाहेरचं आपण पुसतो. आतलं सुटून ऑइलबरोबर फिरतं. गाळ कापडावर पसरून उन्हात पाहिला. बेअरिंगची चमकदार कपची दिसली असती तर हात जोडून मोठ्या मेकॅनिककडे गेलो असतो. नव्हती. सुटलो!

तर सांगायचा मुद्दा असा. त्या मेकॅनिकला मी दोष देऊ शकत नाही. त्याला मी गळती बंद करायला सांगितलं होतं, इंजिन जपायला नाही. डाग दिसतो म्हणून आपण डागावर पैसे खर्च करतो. जाळी दिसत नाही, म्हणून ती कुणी विचारत नाही. म्हणून माझं मत, जुनी गाडी बाळगणाऱ्याने एकदा तरी चेंबर स्वतः उघडावा. पैसे वाचतात म्हणून नव्हे (माझे वाचले नाहीत), तर गॅरेजमध्ये काय मागायचं हे कळावं म्हणून.

जाळी धुतली, दोन्ही कडा खरवडून स्वच्छ केल्या, कॉर्कचं नवं पॅकिंग बसवलं. बोल्ट थोडे थोडे, आलटूनपालटून आवळले. जोर केला की कॉर्क फाटतो. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे दिलं, गटारात नाही.

नवं ऑइल घालून स्टार्टर मारला. दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. काल पुन्हा ताम्हिणी चढून आलो.

आणि हो, आज सकाळी खाली एक थेंब होता. पुठ्ठा सरकवला आणि डिपस्टिक पाहिली. असो!