इंग्रजीचे सोवळे

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागसारख्या गावातून पदवीच्या शिक्षणासाठी पुण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यास दोन जकाती भराव्या लागतात. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले की पहिली. ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ किंवा ‘शॉप’चे ‘शाप’ झाले की दुसरी. पहिलीबद्दल सुशिक्षितांस अलीकडे थोडा तरी संकोच वाटू लागला आहे; बोलीभाषांचा गौरव करणारी व्याख्याने आपण देतो आणि ऐकतोही. दुसरीबद्दल मात्र कोणासच काही वाटत नाही. उलट, इंग्रजी उच्चारावर हसणे म्हणजे शुद्धतेचे रक्षण करणे, अशी आपली प्रामाणिक समजूत आहे.

वस्तुतः हसणाऱ्याची जीभही मराठीच असते. इंग्रजीतील दोन भिन्न ‘व’कार तिला एकसारखेच वाटतात आणि ‘थिंक’ शब्दारंभीचा ध्वनी आपल्या ‘थ’हून निराळा आहे, हे सदाशिव पेठेतही फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. लंडनच्या कानाला वैराग आणि पुणे यांतील अंतर अगदी थोडे भासेल. ते मोठे वाटते ते आपल्यालाच. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांतून ‘डाक्तर’ आणि ‘कालेज’ ही रूपे सर्रास आढळतात. त्या लेखकांस त्यापायी कोणी गावंढळ म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ज्या इंग्लंडकडून हे सोवळे आपण घेतले, तेथील हकीकत तर अधिकच मौजेची आहे. बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ साली हेलसिंकीच्या एका विद्वत्पत्रिकेत उच्चवर्गीय इंग्रजीवर निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी नॅन्सी मिटफर्ड यांच्या लेखामुळे तो विषय इंग्लंडभर गाजला. त्यांच्या मते खानदानी मनुष्य ‘नॅपकिन’ म्हणतो, तर ‘सर्व्हिएट’ म्हणणारा मध्यमवर्गीय ठरतो. ऐकू आले नाही तर खानदानी मनुष्य सरळ ‘व्हॉट’ असे विचारतो. ‘पार्डन’ म्हणणारा तेथेच पकडला जातो! आपल्याकडील किती मातापित्यांनी मुलांकडून हाच ‘पार्डन’ घोटून घेतला आहे, ते वाचकांनीच आठवावे. सभ्य दिसण्याची जी धडपड, तीच तेथे हलकेपणाची खूण ठरली. १९४१ साली यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स बी.बी.सी.वर राष्ट्रीय बातम्या वाचू लागले, तेव्हा त्यांच्या उत्तरेकडील उच्चारांबद्दल श्रोत्यांनी तक्रारी केल्या. बातमी त्यांस समजत नव्हती असे नव्हे.

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले आणि १९७५ साली ते रंगभूमीवर आले. इंग्रजी उच्चारांचे हे नाटक मराठी उच्चारांत असे चपखल बसले, याचा अर्थ हा रोग आपल्या घरातही होताच. प्रेक्षक मंजुळेच्या बोलण्यावर पोटभर हसले. तिला शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या उद्दामपणावर कितीजण हसले, कोण जाणे.

या हसण्याची किंमत मात्र प्रत्यक्ष मोजावी लागते. जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज महाविद्यालयात येणारा ग्रामीण विद्यार्थी बारा वर्षे ती भाषा शिकून आलेला असतो. त्याला पुष्कळदा वाचता येते, लिहिताही येते. पहिल्या महिन्यात वर्गात एकदा खसखस पिकते आणि पुढची तीन वर्षे तो शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसतो. आम्ही शिक्षकी पेशात असताना अशी मिटलेली तोंडे पाहिली आहेत. न बोलता कोणतीही भाषा सुधारत नाही. मग त्याच्या मौनालाच आपण अज्ञान म्हणतो आणि नोकरीच्या मुलाखतीत त्याला नापसंत करतो.

शुद्धता नकोच, असे आम्ही म्हणत नाही. व्याकरण चुकले की अर्थ ढळतो आणि ते शिकवलेच पाहिजे. परंतु अर्थ बिघडवणारी चूक वेगळी आणि बोलणाऱ्याचे गाव सांगणारा उच्चार वेगळा. संघ लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत उमेदवारास मराठीतून बोलण्याची मुभा आहे. तेव्हा साध्या कारकुनाच्या जागेसाठी इतके सोवळे कशाला? तोंडी परीक्षा आणि मुलाखती घेणाऱ्यांस आमची सूचना एवढीच आहे, की वैरागच्या मुलाने ‘ही गो’ म्हटले तर खुशाल गुण कापावेत. ‘इस्टेशन’ म्हटले तर पुढचा प्रश्न विचारावा.